आईचा वाढदिवस आणि मोरारजी

आमच्या मातोश्री २०२८ साली अठरा वर्षांच्या होणार. म्हणजे कायद्याने सज्ञान. मतदान करता येईल, बँकेत स्वतःच्या सहीने खातं उघडता येईल, लग्नसुद्धा करता येईल. (हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे फेरविचाराला संधी आहे." कोणाला, ते काही सांगितलं नाही.)

मंडळी, आईचा जन्म २९ फेब्रुवारी १९५६ चा. बुधवार. गिरगावातलं एक प्रसूतिगृह, आणि बाहेर अशी मुंबई की जिथे महिनाभरापूर्वीच गोळीबार आणि कर्फ्यू होऊन गेलेला. आजवर तिचे खरे वाढदिवस झाले सतरा. पण आमच्या घरातली खरी गंमत ही नाही. चार वर्षांनी वाढदिवस येणारी माणसं जगात लाखोंनी असतील. गंमत अशी की आईचा वाढदिवस चार वर्षांनीसुद्धा येत नसे. ती वीस वर्षांची होईपर्यंत या तारखेचं घरात नावच काढायचं नाही, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, दंडक होता. कारण मोरारजी देसाई.

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, गुजरातेत वलसाडजवळच्या भदेलीचा. आता हे कुठल्याही दिनविशेषात सापडतं. गिरगावच्या चाळीतल्या माणसाला हे १९५६ साली माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि अण्णांनाही नव्हतं. त्यांना माहीत होते ते मुख्यमंत्री मोरारजी. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर मोरारजी आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली, त्या गर्दीत अण्णा होते. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा ते छापखान्यात पाळीवर होते, आणि आपण तिथे नव्हतो याची खंत त्यांना जन्मभर होती. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा रेडिओवरून केली आणि शहर पेटलं. परत गोळ्या. माईआजीला तेव्हा आठवा महिना. ती सांगायची की कर्फ्यूत दूधवाला येईना, आणि चाळीतल्या बायका एकमेकींना वाटी वाटी दूध वाटून घेत. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यानंतर तेवीस दिवसांनी आई जन्मली. आमचा मामा अजून म्हणतो, "ताई ही समितीची धाकटी बहीण."

पुढची चार वर्षं आईचा वाढदिवस तिथीने झाला. माघाचा वद्य पक्ष, औक्षण, वाटीभर खीर. तारखेने पहिला वाढदिवस आला तो २९ फेब्रुवारी १९६० ला. अण्णांनी म्हणे त्या दिवसाची चार वर्षं वाट पाहिली होती. चाळीतल्या पोरांना बोलावलं होतं, गॅलरीत पताका लावल्या होत्या. त्याच दिवशी दिल्लीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी अर्थसंकल्प मांडला. तेव्हा अर्थसंकल्प संध्याकाळी पाचला मांडत, त्यामुळे बातमी आली ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. आणि शेजारच्या खोलीतल्या एका गृहस्थांनी तो पेपर वाचता वाचता सहज म्हटलं, "काय हो, तुमच्या लेकीचा आणि अर्थमंत्र्यांचा वाढदिवस एकच की!"

पताका त्याच दुपारी उतरल्या, असं माई सांगायची. अण्णा काही ओरडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, "आजपासून हिचा वाढदिवस १ मार्चला." पुढे शाळेत नाव घालताना त्यांनी जन्मतारीख सांगितली ती १ मार्च १९५६. हेडमास्तरांनी लिहून घेतली. त्या काळी शाळेत निम्म्या पोरांची तारीख १ जून असायची, तिथे १ मार्चचं कोणाला काय! म्युनिसिपालिटीचा दाखला लोखंडी ट्रंकेत तळाला गेला.

आता मी हे सगळं का लिहितोय? तर मागच्या लीप वर्षी, २०२४ ला, आमच्या मावसबहिणीनं सकाळी सकाळी २९ फेब्रुवारीची दिनविशेषाची यादी मोबाईलवर पाठवली. यादीत कोलंबस होता, ऑस्कर होतं, दुर्मिळ आजारांचा दिवस होता, आणि एक ओळ अशी: मोरारजी देसाईंनी १९६४ आणि १९६८ मध्ये आपल्या वाढदिवशी अर्थसंकल्प मांडला. ही ओळ मी आधीही बऱ्याच ठिकाणी वाचली होती. पण त्या दिवशी एकदम टोचली. १९६० कुठे गेलं? आईची सगळी कथाच १९६० वर उभी आहे. १९६४ खरं असेल, तर पताका उतरल्या तेव्हा आई आठ वर्षांची होती आणि शाळेत दोन वर्षं आधीच जात होती. मग १ मार्चची तारीख कशी आली? थोडक्यात, एक तर यादी चूक, नाहीतर आमची माई.

शोधायला बसलो आणि पाच मिनिटांत निकाल लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेत मोरारजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. फेब्रुवारी १९६४ ला अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. अर्थसंकल्पाची जुनी भाषणं सरकारनेच संकेतस्थळावर ठेवली आहेत. १९६०-६१ च्या अर्थसंकल्पाचं भाषण मोरारजींचं, तारीख २९ फेब्रुवारी १९६०. १९६८ चंही त्यांचंच, तेव्हा ते उपपंतप्रधानही होते. म्हणजे वाढदिवस दोन हे बरोबर, पण १९६४ नव्हे, १९६०. चौथी शिकलेली माझी आजी बरोबर होती आणि जगभर फिरणारी यादी चूक.

मला इतका आनंद झाला की मी उरलेली यादीही तपासायला घेतली. रजाच टाकली म्हणा ना.

कोलंबसाची गोष्ट मात्र खरी निघाली, आणि ती वाचून मला त्याचा राग आला. जून १५०३ पासून तो जमैकाच्या किनाऱ्यावर अडकून पडला होता, जहाजं किड्यांनी पोखरलेली. सुरुवातीला तिथल्या लोकांनी अन्न दिलं, पण महिनोन्‌महिने कोण पोसणार? खलाशांनी लूटमारही केली होती. लोकांनी हात आखडता घेतला. कोलंबसाकडे रेगिओमाँटानसचं पंचांग होतं, त्यात २९ फेब्रुवारी १५०४ चं चंद्रग्रहण दिलेलं. त्याने मुखियांना बोलावून सांगितलं की माझा देव तुमच्यावर कोपलाय, आज चंद्र लाल करणार आहे. चंद्र लाल झाला. लोक रडत अन्न घेऊन आले. हा म्हणे देवाशी बोलायला खोलीत जाऊन बसला आणि वाळूच्या घड्याळाकडे बघत ग्रहण सुटायची वाट पाहिली. हे त्याच्या मुलानेच बापाच्या चातुर्याची गोष्ट म्हणून लिहून ठेवलंय! आपल्याकडे ग्रहणात दान मागायला येतात, पण निदान धमकी देऊन नाही.

ऑस्करचीही खरी. २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएलला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात होता, तिथे काळ्यांना प्रवेशच नव्हता. तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली, आणि तिला बसवलं ते बाकी कलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर.

फ्रान्समध्ये एक वर्तमानपत्र आहे, 'ला बूझी द्यु सापर'. ते फक्त २९ फेब्रुवारीला निघतं. १९८० साली मित्रामित्रांनी गंमत म्हणून काढलं आणि २०२४ ला त्याचा बारावा अंक आला. मराठी दिवाळी अंकांच्या संपादकांनी हेवा करावा असा हा व्यवसाय आहे. :) दुर्मिळ आजारांचा दिवस २००८ च्या २९ फेब्रुवारीपासून पाळतात. दुर्मिळ आजारांना दुर्मिळ तारीख. एरवीच्या वर्षी तो २८ ला. आणि आयर्लंड-इंग्लंडकडे जुनी समजूत अशी की या वर्षी, निदान या दिवशी, बाईने पुरुषाला मागणी घालायची. नकार दिला तर त्याने तिला हातमोजे द्यायचे. आपल्याकडे अधिक महिना येतो तेव्हा जावयाला अनारसे मिळतात. जास्तीच्या दिवसांचं काय करायचं हे प्रत्येक समाज आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवतो, असं दिसतंय.

यादीत रुक्मिणीदेवी अरुंडेलही होत्या, 'कलाक्षेत्र' काढणाऱ्या. जन्म मदुराई, २९ फेब्रुवारी १९०४. इथे मी थांबलो. कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. चाराने भाग जातो, पण शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो, नाहीतर तो दिवस मिळत नाही. म्हणजे १८९६ ला जन्मलेल्या मोरारजींना पहिला खरा वाढदिवस मिळाला तो आठ वर्षांनी, २९ फेब्रुवारी १९०४ ला. अगदी त्याच दिवशी तिकडे मदुराईत रुक्मिणीदेवी जन्मल्या! आणि १९७७ साली पंतप्रधान झाल्यावर मोरारजींनी राष्ट्रपतिपदासाठी विचारलं कोणाला, तर रुक्मिणीदेवींना. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. हे वाचून मी आईला फोन केला. ती म्हणाली, "बघ, २९ ची माणसं पदाला हपापलेली नसतात." मी मोरारजींची आठवण करून दिली. ती म्हणाली, "एखादा असतो."

हा शतकाचा नियम पोप तेराव्या ग्रेगरीचा, १५८२ चा. त्याच्या आधी ज्युलियस सीझरचं साधं गणित होतं, दर चौथ्या वर्षी एक दिवस. पण वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचं नसतं, त्याहून अकरा मिनिटांनी कमी असतं. ही मिनिटं साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवस झाली. कॅथलिक देशांनी ते दहा दिवस कापले. पोपचं कशाला ऐकायचं म्हणून इंग्रजांनी १७५२ पर्यंत कापले नाहीत. त्यामुळे पेशवाईत एक मजेशीर परिस्थिती होती: वसईचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज, मध्ये एक खाडी, आणि दोघांच्या कागदांवरच्या तारखांत अकरा दिवसांचा फरक. स्वीडनने तर कमालच केली. एकदम दिवस कापण्याऐवजी चाळीस वर्षं लीप दिवस घ्यायचेच नाहीत असं ठरवलं, १७०० चा गाळला, मग लढाईच्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ चे गाळायला विसरले, आणि शेवटी कंटाळून १७१२ ला एक दिवस जादा घालून पूर्वपदावर आले. म्हणून स्वीडनमध्ये १७१२ साली ३० फेब्रुवारी होऊन गेला. त्या दिवशी जन्मलेल्यांनी काय केलं असेल!

असो. आईकडे येतो.

१९६४ आणि ६८ चे २९ फेब्रुवारी घरात कोरडे गेले. ६८ ला तर परत अर्थसंकल्प, परत मोरारजी. ७२ ला आई सोळा वर्षांची, तिला मैत्रिणींनी परस्पर आइस्क्रीम खायला नेलं. १ मार्चला घरी औक्षण व्हायचंच, तेव्हा अन्याय झाला असं ती म्हणत नाही. फक्त एकदा मला म्हणाली होती, "माझी तारीख होती रे. त्यांचं भांडण त्या माणसाशी होतं." एवढंच.

मग आला २९ फेब्रुवारी १९७६. रविवार. अण्णा घरी होते. आणीबाणी चालू होती, छापखान्यात काय छापायचं आणि काय नाही याची भीती होती, आणि ती अण्णांना आतून खात होती. मोरारजी आदल्या जूनपासून स्थानबद्ध होते. त्या दिवशी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. पेपरात त्याचा शब्द येण्याची शक्यता नव्हती, पण सोळा वर्षं ज्या तारखेचं नाव काढू दिलं नाही, ती अण्णांना कोणी सांगायची गरजच नव्हती. सकाळी पिशवी घेऊन ते बाहेर पडले आणि चक्का घेऊन आले. माईला म्हणाले, "श्रीखंड कर. पोरीचा वाढदिवस आहे." माई बघतच राहिली. जेवताना कोणी काही बोलेना. मग अण्णाच म्हणाले, "ऐंशीव्या वर्षी कोठडीत बसलाय. वाकला नाही अजून." थोड्या वेळाने, जणू हिशेब चुकता कामा नये म्हणून, "फाउंटनचं मी विसरलो नाही हां."

आई तेव्हा वीस वर्षांची. ती सांगते की श्रीखंड जरा आंबट होतं.

पुढच्या वर्षी अण्णांनी जनता पक्षाला मत दिलं, आणि पंतप्रधान झाले मोरारजी. चाळीत लोकांनी त्यांची खूप चेष्टा केली म्हणे. अण्णा वारले १९९१ ला. मोरारजी गेले १० एप्रिल १९९५ ला, शंभरीला वर्षही उरलं नव्हतं. तो शंभराचा वाढदिवस २९ फेब्रुवारी १९९६ ला आला असता, म्हणजे तारीख तरी त्यांच्यासाठी हजर होती. खरे वाढदिवस मोजले तर त्यांना तेवीस मिळाले. आई सतरावर आहे.

आई पोस्टात लागली ती शाळेच्या दाखल्यावर, म्हणजे १ मार्चवर. सगळी नोकरी त्या तारखेवर झाली. आता सरकारी नियम असा की ज्याची जन्मतारीख महिन्याची एक, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. २ तारखेला जन्मलेला महिनाभर जास्त नोकरी करतो. ऑफिसात सगळे तिला चिडवत, "तुमच्या वडिलांनी एक दिवस अजून पुढे ढकललं असतं तर एक पगार जास्त मिळाला असता." तिने कधी कोणाला खरी तारीख सांगितली नाही. पण वय साठ, कागदावर १ मार्च १९५६, म्हणजे निवृत्ती कधी? २९ फेब्रुवारी २०१६! केंद्राने १९९८ ला निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं नसतं तर ती २८ फेब्रुवारी २०१४ ला निवृत्त झाली असती, आणि ही गंमत झालीच नसती.

सोमवार होता. मी दुपारी तिला आणायला गेलो. पोस्टात टीव्हीवर अर्थसंकल्प, अर्थातच! अरुण जेटलींनी त्या दिवशी भविष्य निर्वाह निधी काढताना त्यातल्या काही रकमेवर कर सुचवला होता (तो आठवडाभरात मागे घेतला), आणि सगळा स्टाफ त्यावरच बोलत होता. आईला त्याची झळ नव्हती, तिचा निधी वेगळा. शाल, श्रीफळ, हार, भाषणं. साहेब म्हणाले, "उद्या मॅडमचा वाढदिवस, तर आगाऊ शुभेच्छा." आई उठली, आभार मानले, आणि अडतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा म्हणाली, "उद्या नाही. आज आहे." लोकांना वाटलं बाई भावनेच्या भरात चुकल्या. कोणीतरी केक आणायला धावलं मात्र.

आता शेवटची गोष्ट, जी मला त्या २०२४ च्या रजेच्या दिवशी रात्री उशिरा सापडली. खरं तर समोरच होती. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. याची आपण मानतो ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि ती जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. तिथी की तारीख हा वाद मी इथे काढणार नाही, नातेवाइकांत दोन्ही पक्ष आहेत. पण गोव्याच्या पोर्तुगीजांच्या नव्या पद्धतीने तो दिवस कोणता? दहा दिवस पुढे. १६३० लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे फेब्रुवारी २८ ला संपला. बोटं मोजा. १ मार्च.

वारही जुळवून पाहिला, शुक्रवारच येतो.

सकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला, मला परत मोजायला लावलं, मग स्वतः कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने मोजलं.

"अण्णांना सांगायला हवं होतं रे," ती म्हणाली. "गॅलरीत परत पताका लावल्या असत्या."

मग म्हणाली, २०२८ ला मंगळवार येतोय, सुट्टी आत्ताच मागून ठेवा. श्रीखंड ती करणार नाही, विकत आणायचं.